बिलामागची वीज : मध्य प्रदेशच्या वीजव्यवस्थेचे अर्थकारण आणि धोरण

वीज तयार झाली की त्याच क्षणी वापरली जावी लागते. गव्हाचे कोठार भरता येते, डिझेलची टाकी भरता येते; विजेचा मोठा साठा करणे मात्र आजवर महाग पडत आले आहे. म्हणून निर्मिती आणि मागणी यांचा मेळ दिवसरात्र, सेकंदासेकंदाला घालावा लागतो. भारतात हा मेळ ५० हर्ट्झ या वारंवारतेवर मोजतात : मागणी वरचढ झाली की वारंवारता खाली येते, निर्मिती वरचढ झाली की वर जाते. वीजव्यवस्थेचे अर्थकारण या एका भौतिक अडचणीतून निघते. ग्राहक पैसे युनिटचे देतो; व्यवस्थेला खर्च येतो तो मागेल त्या घटकेला वीज हजर ठेवण्याचा. या दोन हिशेबांतले अंतर कोणी भरायचे, हा वीजधोरणाचा गाभा आहे.

हे अंतर समजून घ्यायला मध्य प्रदेश सोयीचा आहे. सिंगरौलीचा कोळसा, नर्मदेचे पाणी, माळव्याचे आणि बुंदेलखंडाचे ऊन, गव्हाच्या पेऱ्यामुळे हिवाळ्यात वर चढणारी मागणी आणि सवलतीच्या विजेचा जुना इतिहास हे सगळे या एकाच राज्यात सापडते.

१. बिलातील ओळी

टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाल्यावर सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांसह वाढलेल्या या वसाहतीला येवल्यात जन्मलेल्या सेनानीचे नाव आहे. इथल्या घरात दरमहा येणाऱ्या मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या बिलात ‘नियत प्रभार’, ‘ऊर्जा प्रभार’, इंधन आणि वीजखरेदीच्या फरकापोटी लागणारा अधिभार, ‘विद्युत शुल्क’ आणि शासनाची सबसिडी अशा ओळी असतात. पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांकडे येणाऱ्या महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असतात. नावे वेगळी असली तरी हिशेबाची रीत एकच आहे.

नियत प्रभार किंवा स्थिर आकार हा खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, उपकेंद्रे आणि वीजकेंद्रांतील भांडवल यांचा वाटा असतो. दिवा लागो न लागो, हा खर्च होतच असतो. ऊर्जा प्रभार हा वापरलेल्या युनिटांचा, म्हणजे बराचसा इंधनाचा. अधिभाराच्या ओळीत कोळशाच्या भावातली आणि बाजारातून ऐनवेळी घेतलेल्या विजेतली चढउतार येते. विद्युत शुल्क हा राज्याचा कर. प्रत्यक्षात व्यवस्थेच्या एकूण खर्चातला स्थिर भाग बिलातल्या नियत प्रभारापेक्षा बराच मोठा असतो. तो युनिटच्या दरात मिसळून वसूल होतो. वापर घटला की वसुली घटते आणि खर्च तसाच राहतो.

एका काल्पनिक औष्णिक केंद्राचा हिशेब घेतला की हे स्पष्ट होते. केंद्र वर्षभर क्षमतेच्या ८५ टक्के चालले तर स्थिर खर्च युनिटमागे १ रुपया ७० पैसे पडतो, असे समजू. तेच केंद्र निम्मे, म्हणजे साडेबेचाळीस टक्के चालले तर तो ३ रुपये ४० पैसे होतो. कोळसा तोच, कामगार तेच, कर्जाचा हप्ताही तोच. बदलली ती फक्त विभागणी. दिवसा सौर वीज स्वस्त मिळू लागली आणि कोळशाचे संच कमी भाराने चालवावे लागले की नेमके हेच घडते.

सबसिडीच्या ओळीतही धोरण दडलेले असते. मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात. उरलेली रक्कम राज्य शासन कंपनीला देते. दिवसाला पाच युनिटांचा हा उंबरा ओलांडला की त्या महिन्याची सवलत जाते. त्यामुळे उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की अनेक घरांत मीटरच्या आकड्यावर लक्ष असते. गरजू घराला आधार देणारी ही रचना काटकसरही शिकवते, पण उंबऱ्याच्या एका बाजूला १५० आणि दुसऱ्या बाजूला १५१ युनिटे वापरणाऱ्या दोन घरांच्या बिलात परिस्थितीपेक्षा मोठा फरक पाडते.

२. मंडळाचा काळ

१९१० च्या भारतीय विद्युत कायद्याने शहराशहरांत खासगी परवानाधारकांना वीज विकण्याची चौकट दिली. पश्चिम भारतात टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना घाटावरच्या पावसाची वीज मिळू लागली. वीज तिथेच पोहोचत होती जिथे गिऱ्हाईक होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशाची स्थापित क्षमता जेमतेम १,३६२ मेगावॅट होती आणि खेडी बहुतेक अंधारात होती.

१९४८ च्या विद्युत (पुरवठा) कायद्याने राज्य विद्युत मंडळे आली. निर्मिती, पारेषण आणि वितरण एकाच संस्थेकडे देण्यामागे अर्थशास्त्रीय कारण होते. एका गल्लीत दोन कंपन्यांनी दोन खांबांच्या रांगा उभ्या करणे वाया जाणारा खर्च आहे. तारांचे जाळे ही नैसर्गिक मक्तेदारी आहे. ती खासगी नफ्यासाठी वापरली जाऊ नये म्हणून ती सार्वजनिक ठेवली गेली. मध्य प्रदेशचे मंडळ जबलपूरला राहिले आणि वीजखरेदीचा कारभार आजही तिथूनच चालतो. सातपुड्यात सारणी, अमरकंटकजवळ चचाई आणि कोळशाच्या पट्ट्यात कोरबा इथे केंद्रे उभी राहिली. चंबळेवर गांधीसागर धरण १९६० मध्ये पूर्ण झाले. भोपाळच्या पिपलानी-गोविंदपुऱ्यात १९५६ मध्ये ब्रिटिश कंपनी एईआयच्या सहकार्याने हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना आला. आज तो ‘भेल’चा भाग आहे. पाण्यावर चालणारी टर्बाइने, जनित्रे आणि ट्रान्सफॉर्मर बाहेरून आणायचे की देशात घडवायचे, या प्रश्नाचे उत्तर भोपाळने आपल्या गावात पाहिले.

मंडळांनी वीज खेड्यापर्यंत नेली, हे त्यांचे मोठे काम. त्यासाठी वापरलेले हत्यार म्हणजे क्रॉस-सबसिडी. कारखाने, दुकाने आणि रेल्वे यांच्याकडून खर्चापेक्षा जास्त दर घ्यायचा आणि शेती व छोट्या घरांना कमी दर लावायचा. जोवर जास्त दर देणारा ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत नव्हता तोवर हे गणित चालले. कारखान्यांनी स्वतःची वीजनिर्मिती सुरू केली आणि पुढे खुल्या बाजारातून वीज घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्याचा पाया सुटू लागला.

३. मोफत विजेची किंमत

नव्वदच्या दशकात मध्य प्रदेशात ५ अश्वशक्तीपर्यंतचे कृषिपंप आणि गरिबांच्या ‘एकबत्ती’ जोडण्या यांना वीज मोफत होती. मीटर नाही, बिल नाही, त्यामुळे किती वीज शेतीला गेली आणि किती गळती वा चोरी झाली, हे कोणालाच नीट सांगता येईना. मंडळाच्या वह्यांत शेतीचा वापर हा अंदाजाचा आकडा झाला आणि तारेवर टाकलेले आकडेही त्याच अंदाजात लपले. पैसे नसल्याने दुरुस्ती लांबली. दुरुस्ती लांबल्याने दाब घसरला. दाब घसरला की मोटरी आणि डीपी जळू लागल्या. मोफत वीज घेणारा शेतकरी मोटर पुन्हा बांधून घेण्यात पैसे घालवू लागला.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. कोरब्याची केंद्रे तिकडे गेली आणि मागणीचा मोठा भाग इकडे राहिला. पुढची तीन वर्षे भारनियमनाची होती. २००३ च्या विधानसभा निवडणुकीत ‘बिजली, सडक, पानी’ हेच शब्द सर्वत्र होते आणि सत्तांतर झाले. शेजारच्या महाराष्ट्राने धडा घेतला असे म्हणता येत नाही : २००४ च्या निवडणुकीआधी तिथेही कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि २००५ मध्ये ती मागे घ्यावी लागली. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी ती पुन्हा आली.

मध्य प्रदेशाने पुढे मध्यममार्ग काढला. गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या केल्या. २०१३ च्या अटल ज्योती अभियानात घरांना २४ तास आणि शेतीला १० तास वीज हे सूत्र ठरले. वाहिनी वेगळी झाल्याने शेतीला गेलेली वीज निदान उपकेंद्रावर मोजता येऊ लागली. १० अश्वशक्तीपर्यंतच्या मीटर नसलेल्या पंपांना वर्षाला अश्वशक्तीमागे ७५० रुपये असा ठोक दर आहे. या दराचा अर्थ साध्या गणिताने लागतो. ५ अश्वशक्तीची मोटर सुमारे पावणेचार किलोवॅटची. वर्षात १५० दिवस, रोज १० तास चालली तर सुमारे ५,६०० युनिटे होतात. शेतकरी देतो ३,७५० रुपये, म्हणजे युनिटला ६७ पैसे. वीज पोहोचवण्याचा खर्च ६ रुपये धरला तर उरलेले ५ रुपये ३३ पैसे कोणीतरी भरायचे असतात : राज्याची तिजोरी किंवा दुसऱ्या गटातला ग्राहक.

ही मदत चुकीची आहे असे यातून निघत नाही. गव्हाच्या हमीभावाप्रमाणेच तीही शेतीधोरणाचा भाग आहे. पण ठोक दरात जास्त वेळ मोटर चालवण्याला काहीच किंमत पडत नाही, त्यामुळे वीज आणि भूजल दोन्ही उपसले जातात. शिवाय हे १० तास पाळीने येतात. पाळी रात्रीची असली की जानेवारीच्या थंडीत शेतकरी मध्यरात्री उठून स्टार्टर दाबायला आणि दार मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला जातो. दिवसा उन्हाची स्वस्त वीज उपलब्ध असताना ही रात्रपाळी टिकवणे दोन्ही बाजूंनी तोट्याचे आहे. शेतीवाहिनीजवळच लहान सौर प्रकल्प उभारून पंपांना दिवसा वीज देण्याची २०१९ ची कुसुम योजना आणि महाराष्ट्राची २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच तर्कावर उभ्या आहेत. अशा विजेवर पारेषणाचा खर्च आणि गळती कमी होते आणि राज्याचे सबसिडीचे ओझे हलके होते.

४. करार : दाभोळ ते सासन

वीजकेंद्र चार-पाच वर्षांत उभे राहते आणि पंचवीस वर्षे चालते. इतक्या लांबच्या मुदतीत मागणी, इंधनाचा भाव आणि चलनाचा दर बदलण्याचा धोका कोणी उचलायचा, हे वीजखरेदी करारात ठरते. हा धोका चुकीच्या खांद्यावर पडला की काय होते, याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातले आहे. १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी करार केला. १९९५ मध्ये तो रद्द झाला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटीने परतला आणि १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. क्षमतेचा आकार डॉलरशी बांधलेला होता आणि इंधन नाफ्था होते. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे होते, आणि कमी घेतली की युनिटचा दर चढत होता. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला.

दाभोळच्या करारात दर वाटाघाटीने ठरला होता. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर स्पर्धात्मक निविदांचा मार्ग रूढ झाला. सिंगरौलीच्या सासन प्रकल्पासाठी २००७ मध्ये १ रुपया १९ पैशांच्या आसपास सरासरी दराची बोली आली. ३,९६० मेगावॅटच्या या प्रकल्पाला कोळशाची खाण जोडून दिलेली होती आणि विजेत सर्वांत मोठा वाटा मध्य प्रदेशाचा आहे. खाण शेजारी असल्याने वाहतुकीचा आणि आयातीचा धोका टळला. आयात कोळशावर बांधलेल्या गुजरातच्या मुंद्र्याच्या प्रकल्पांना तो टळला नाही. २०१० मध्ये इंडोनेशियाने निर्यातीचे नियम बदलले आणि मुंद्र्याच्या विजेचे दर पुढे अनेक वर्षे वादात राहिले.

कायद्याने रचनाही बदलली. दर ठरवण्याचे काम शासनाकडून नियामक आयोगाकडे गेले. मध्य प्रदेशात असा आयोग त्याआधीच, १९९८ मध्ये स्थापन झाला होता. मंडळाचे तुकडे होऊन निर्मिती व पारेषणाच्या कंपन्या आणि जबलपूर, भोपाळ व इंदूर इथल्या तीन वितरण कंपन्या झाल्या. तिन्ही वितरण कंपन्यांसाठी वीजखरेदी जबलपूरची पॉवर मॅनेजमेंट कंपनी करते. म्हणून भोपाळच्या बिलातला दर प्रामुख्याने तिथल्या करारांच्या कपाटात ठरतो. मागणीचा अंदाज जास्त धरून करार केले तर न घेतलेल्या विजेचे स्थिर पैसे ग्राहकाकडून वसूल होतात. अंदाज कमी धरला तर टंचाईच्या तासाला बाजारातली महाग वीज घ्यावी लागते. वीजधोरणातले सर्वांत खर्चिक काम अंदाज बांधण्याचे आहे.

५. एक जाळे

दर कमी करण्याचा एक उपाय जाळे मोठे करणे हा आहे. एका भागात रात्र झाली, पाऊस आला किंवा संच बंद पडला तर दुसऱ्या भागाची वीज उपयोगी पडते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकाच वारंवारतेने जोडले गेले.

मोठ्या जाळ्याचा धोकाही मोठा असतो, हे त्याआधी दीड वर्ष बीना–ग्वाल्हेरच्या तारांवर दिसले होते. ३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बीना–ग्वाल्हेर ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुटली. जोडीची दुसरी वाहिनी ७६५ किलोव्होल्टच्या कामासाठी बंद होती आणि उत्तरेकडची राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. एका तारेचा भार बाजूच्या तारांवर गेला, त्या सुटल्या, आणि उत्तरेचे सगळे जाळे कोसळले. ३१ जुलैला दुपारी तेच पुन्हा झाले; या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेले. सुमारे साठ कोटी लोकसंख्येचा प्रदेश बाधित झाला. यात अर्थकारणाचा धडा आहे. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढण्याचा दंड आणि राखीव क्षमता ठेवण्याचा खर्च यांची तुलना राज्ये करत होती. दंड परवडत होता. सुरक्षिततेचा खर्च सगळ्यांचा असला की तो कोणी एक जण स्वखुशीने करत नाही, त्यासाठी नियम लागतो.

६. रीवाचे ऊन

२०१७ च्या फेब्रुवारीत रीवा जिल्ह्यातल्या गुढ तहसिलीतल्या सौर प्रकल्पाचा लिलाव झाला. २५० मेगावॅटचे तीन भाग, एकूण ७५० मेगावॅट. सलग ३३ तास बोली उतरत राहिली आणि पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैशांवर आला. पुढची पंधरा वर्षे दर वर्षी ५ पैशांची वाढ धरून पंचवीस वर्षांची सरासरी सुमारे ३ रुपये ३० पैसे पडते. वर्षभरापूर्वी राजस्थानातल्या भडल्याला ४ रुपये ३४ पैसे हा नीचांक होता. १० जुलै २०२० रोजी प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. त्याची सुमारे २४ टक्के वीज दिल्ली मेट्रो घेते, बाकीची मध्य प्रदेश.

पॅनेल त्या वर्षी स्वस्त होत होते हे खरे, पण एवढ्याने दर इतका उतरत नाही. सौर प्रकल्पात इंधन नसते. खर्च जवळपास सगळा भांडवलाचा असतो. उदाहरणापुरते, एका मेगावॅटला ४ कोटी रुपये लागतात आणि वर्षाला २० लाख युनिटे निघतात असे धरू. कर्ज आणि भागभांडवलावर वर्षाला १२ टक्के द्यावे लागले तर युनिटमागे २ रुपये ४० पैसे पडतात. १० टक्क्यांत भागले तर २ रुपये. पॅनेल तेच, ऊनही तेच; ४० पैशांचा फरक फक्त सावकाराच्या विश्वासाचा. रीवात हा विश्वास तीन पदरी हमीने मिळवला गेला : बँकेचे पतपत्र, देयकांसाठी वेगळा निधी आणि त्यावर राज्य शासनाची हमी. जमीन आधीच एकत्र केलेली होती, पारेषणाची सोय होती आणि जाळ्यामुळे वीज घेता आली नाही तर भरपाई कशी द्यायची हेही करारात होते. ही मांडणी पुढे आगर, शाजापूर आणि नीमचच्या १,५०० मेगावॅटच्या प्रकल्पांत वापरली गेली आणि २०२१ मध्ये नीमचला २ रुपये १४ पैशांपर्यंत बोली आली.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वितरण कंपनी बिले वेळेवर देत नाही अशी शंका असेल तर तीच शंका दरात मिसळते. थकबाकी हा केवळ कंपनीच्या ताळेबंदातला आकडा राहत नाही. पुढच्या प्रत्येक प्रकल्पाचे व्याज त्याने वाढते.

७. वेळेचा भाव

स्वस्त सौर वीज दुपारी मिळते. मध्य प्रदेशाला तिची गरज सर्वांत जास्त कधी असते? महाराष्ट्रात विजेची मागणी एप्रिल-मेच्या उकाड्यात चढते, दिल्लीत जून-जुलैमध्ये. मध्य प्रदेशात ती डिसेंबर-जानेवारीत चढते, कारण त्या वेळी गहू आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे असते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये राज्याची कमाल मागणी १८ हजार मेगावॅटच्या पुढे गेली. हिवाळ्यात दिवस लहान, सकाळी गीझर, संध्याकाळी दिवे, आणि जलाशयातले पाणी जपून वापरायचे; याच वेळी पंप चालू. म्हणून या राज्यात प्रश्न वर्षाच्या एकूण युनिटांपेक्षा हिवाळ्यातल्या काही तासांचा आहे.

हे तास भरण्याचे चार मार्ग आहेत. पहिला, पंप उन्हाच्या वेळेत आणणे. तो सर्वांत स्वस्त आहे. दुसरा, शेजाऱ्याशी अदलाबदल करणे. उत्तर प्रदेशात मागणी उन्हाळ्यात आणि भाताच्या हंगामात चढते. मुरैना भागात दोन्ही राज्यांनी मिळून २,००० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाची योजना आखली आहे. त्यात ऑक्टोबर ते मार्च वीज मध्य प्रदेशाने आणि उरलेले सहा महिने उत्तर प्रदेशाने घ्यायची, असा विचार आहे. एकाच पॅनेलला दोन हंगामांचे गिऱ्हाईक मिळते.

तिसरा मार्ग साठवणुकीचा. दुपारच्या विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी सोडायचे. चढवायला जेवढी वीज लागते तिचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा थोडा जास्त भाग परत मिळतो. महाराष्ट्रात घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे. नीमच जिल्ह्यात गांधीसागरचे पाणी वापरणारा १,४४० मेगावॅटचा प्रकल्प उभारणीला घेतला आहे. बॅटरीही आता या स्पर्धेत उतरली आहे : २०२५ मध्ये मुरैनाच्या सौर-अधिक-बॅटरी लिलावात २ रुपये ७० पैशांची बोली आली. दहा वर्षांपूर्वी नुसत्या उन्हाच्या विजेलाही हा भाव नव्हता. ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगणारे ६०० मेगावॅटचे सौर पॅनेल नियोजित असून पहिला टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. त्याचा फायदा जागा वाचण्यापुरता नाही. तिथेच ५२० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आणि पारेषणवाहिन्या तयार आहेत. दिवसा ऊन आणि संध्याकाळी पाणी अशी पाळी एकाच ठिकाणी लावता येते.

चौथा मार्ग भावाचा. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या तासांत जास्त ठेवायचा आहे. शेती वगळून तो टप्प्याटप्प्याने सर्व ग्राहकांना लागू करायचा आहे. त्यासाठी तासातासाची नोंद ठेवणारे स्मार्ट मीटर लागतात. अशा मीटरबद्दल ग्राहकांत असलेला अविश्वास घालवायचा तर दुपारी गिरणी किंवा पाण्याचा पंप चालवल्याची सूट बिलात वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे.

८. बिलात न येणारे

काही खर्च कोणत्याच ओळीत येत नाहीत. सिंगरौलीत कोळसा आणि औष्णिक केंद्रे यांनी देशाला वीज दिली. विंध्याचल हे ४,७६० मेगावॅटचे देशातले सर्वांत मोठे औष्णिक केंद्र तिथेच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या अतिप्रदूषित पट्ट्यांच्या यादीतही सिंगरौली होते. राख, धूळ आणि आजारपण यांचा खर्च स्थानिक माणूस भरतो. वीज शेकडो किलोमीटर दूर खपते. इंदिरासागर देशातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक. त्यासाठी खंडवा जिल्ह्यातले हरसूद हे गाव-शहर २००४ मध्ये रिकामे झाले. सरदार सरोवराच्या विजेत नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने मध्य प्रदेशाला ५७, महाराष्ट्राला २७ आणि गुजरातला १६ टक्के वाटा दिला. निमाडची आणि नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावची पाण्याखाली गेलेली गावे या टक्क्यांत मोजली गेली नाहीत.

कोळशाकडून उन्हाकडे जाताना हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. बैतूल जिल्ह्यातल्या सारणीला सातपुडा केंद्राचे साडेबासष्ट मेगावॅटचे पाच जुने संच बंद झाले. केंद्राभोवती वाढलेल्या गावात वसाहत, शाळा, बाजार आणि पाथाखेड्याच्या खाणी एकाच पगारावर चालतात. सौर प्रकल्प चालवायला कोळसाकेंद्राच्या तुलनेत फार थोडी माणसे लागतात, आणि ती वेगळ्या जागी लागतात. संच बंद करण्याची तारीख जाहीर करताना जुन्या जागेवर नवा उद्योग आणि कामगारांचे नवे प्रशिक्षण याचा पैसा कुठून येणार हे ठरले नाही, तर स्वस्त विजेची किंमत सारणीसारखी गावे भरतील.

शहरांतही एक बदल शांतपणे होतो आहे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा अधिकच्या छतावरील संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. ज्यांचे स्वतःचे छत आहे आणि ज्यांचे बिल मोठे आहे तेच ते आधी बसवतात. ते दिवसा आपली वीज वापरतात आणि रात्री जाळ्यावर अवलंबून राहतात. सरकारी क्वार्टर किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्याला छत नाही. जाळ्याचा स्थिर खर्च मात्र त्याच्यावर जास्त पडू लागतो. छताच्या विजेला रोखण्याची गरज नाही, पण जाळ्याचा वाटा नियत प्रभारात प्रामाणिकपणे मांडणे आणि सामाईक सौर प्रकल्पात बिनछतवाल्यांना भागीदारी देणे, ही दुरुस्ती लागेल.

९. पुढचा क्रम

२०३० पर्यंत जीवाश्म इंधनाविना ५०० गिगावॅट क्षमता आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन ही देशाची उद्दिष्टे आहेत. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॅटला पोहोचली आणि ती वाढत राहणार आहे. मध्य प्रदेशापुरता विचार केला तर कामांचा क्रम बराचसा स्पष्ट दिसतो. शेतीवाहिन्या उन्हावर आणून रात्रपाळी संपवणे प्रथम; कारण त्यात सबसिडी, भूजल आणि हिवाळ्याची कमाल मागणी तिन्ही एकदम उतरतात. त्यानंतर वितरण कंपन्यांची वसुली आणि शासनाकडून येणे असलेली सबसिडी वेळेवर चुकती करणे. कारण प्रत्येक नव्या प्रकल्पाचे व्याज त्यावर ठरते. मग साठवणूक आणि शेजारी राज्यांशी हंगामी अदलाबदल. नवे कोळसासंच सर्वांत शेवटी, आणि तेही पंचवीस वर्षांचा स्थिर आकार कोण भरणार हे आधी लिहून ठेवून.

या क्रमात एकही गोष्ट तंत्रज्ञानावाचून अडलेली नाही. रीवात पॅनेल बाहेरचे होते. दर उतरवला तो हमीने आणि चोख कराराने. मध्य प्रदेशच्या ग्राहकाला पुढच्या दहा वर्षांत विजेसाठी किती मोजावे लागेल, हे मुख्यतः करार किती विचाराने लिहिले जातात आणि देणी किती वेळेवर दिली जातात यावर ठरेल.